साडेबारा आण्यांचा सिगार

एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातल्या बऱ्याच वर्षांचे मार्च-एप्रिल बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासण्यात घालवले. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी लाल पेनाची सवय जात नाही. लग्नपत्रिका आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो, मग मुहूर्त. आमटीलाही गुण देतो, पण आता मनातल्या मनात. एकदा मोठ्याने दिले होते आणि त्या रात्री ताकभातावर भागवावं लागलं होतं.

अशा माणसाला त्याच्या भाच्याने सिगार आणून दिला.

भाचा बोटीवर इंजिनिअर आहे. वर्षातले काही महिने पाण्यावर, काही सांगलीत. ह्या खेपेला त्याची बोट हवानाला लागली होती. घरी आल्यावर त्याने मामीच्या हातात अत्तराची बाटली ठेवली आणि माझ्या हातात एक लांबट डबी.

"मामा, एकच आहे. क्यूबाचा, हाताने वळलेला, आत पूर्ण पानं. नुसता ओढायचा नाही बरं का. तपासायचा."

'ओढायचा' एवढंच म्हणाला असता तर मी हात जोडले असते. धूम्रपानाचा माझा अनुभव एका दुपारपुरता आहे. आजोळी, निपाणीला, तंबाखूच्या वखारीमागे, मामेभावाने चोरलेल्या विडीचे दोन झुरके. तिसरा त्याच्या वडिलांनी मारू दिला नाही, दुसरंच काहीतरी मारलं. पण 'तपासायचा' हे क्रियापद कानावर पडलं आणि माझ्या आतला परीक्षक चष्मा पुसत उठून बसला.

तपासायचा म्हणजे कसा, तर त्यासाठी भाच्याने मोबाइलवर गुणपत्रिका पाठवली. एकूण गुण शंभर. दिसणं आणि बांधणी : १५. चव : २५. जळणं आणि ओढ : २५. एकंदर छाप : ३५. मी चष्मा काढून पुन्हा लावला. बोर्डात पास व्हायला पस्तीस लागतात. म्हणजे हा सिगार दिसायला कसाही असो, चवीला कसाही असो, मधेच विझो, नुसती छाप पाडली की पास! आमच्या शाळेत ह्या पद्धतीने पुढे गेलेली बरीच मुलं होती. त्यातली दोन आता नगरसेवक आहेत.

भाच्याने आणखी एक सांगितलं. सिगारच्या जगात गुण शंभरपैकी देतात खरे, पण सत्तरच्या खाली सहसा कोणी जात नाही. ऐंशीला 'बरा' म्हणतात आणि नव्वद मिळाले तर पेट्या खपतात. हे ऐकून मला फार आपलेपणा वाटला. हल्लीच्या दहावीच्या निकालातही साधारण हेच चालतं.

आता प्रश्न परवानगीचा. आमच्या हिने डबी उघडून वास घेतला आणि बंद केली.

"छातीत घ्यायचा नसतो, मामी. तोंडात धूर खेळवायचा आणि सोडून द्यायचा," भाचा म्हणाला.

"मग कॅन्सर काय छातीलाच होतो का? तोंड काय भाड्याने आणलंय?"

ह्यावर क्यूबाकडेही उत्तर नाही. सिगार छातीत घेत नाहीत म्हणून तो सोवळा ठरत नाही, हे तिचं म्हणणं वैद्यकाला धरूनच आहे. शेवटी तह झाला : आयुष्यात एक. गच्चीवर. जुन्या शालीत. जेवणानंतर.

मला त्यावरून असद बेग आठवला. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अकबर बादशहाचा हा वकील आमच्या शेजारच्या विजापूरच्या दरबारी आला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. ही नवलाई त्याने बादशहासाठी नेली आणि सोबत रत्नं जडवलेली सुंदर नळीही. पुढे काय झालं ते त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. बादशहाने नळी हातात घेतली तसा हकीम पुढे झाला आणि नको म्हणाला. बादशहा म्हणाला, ह्याचं मन राखायला थोडी ओढली पाहिजे. दोन-तीन झुरके घेतले, तोवर हकीम कासावीस. चारशे वर्षांत तंबाखू चाखण्याच्या प्रसंगाची पात्रं काही बदललेली नाहीत : आणणारा हौशी, ओढणारा भिडस्त आणि अडवणारा शहाणा. अकबराच्या मुलाने, जहांगीराने, १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीच घातली. आमच्या घरी बंदी सिगार ओढल्याच्या रात्रीपासूनच लागू होणार होती.

जेवणानंतरची संध्याकाळ सापडेपर्यंत आठवडा गेला. तोवर डबी कुठे ठेवायची? सिगारला दमट पण ओली नाही अशी हवा लागते. साधारण पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता. कोरडा पडला तर भसाभस जळतो, ओलावला तर पेटत नाही आणि बुरशी धरतो. शौकीन लोक त्यासाठी खास लाकडी पेट्या ठेवतात, आतून 'स्पॅनिश सीडर' लावलेल्या. हे झाड स्पेनचंही नाही आणि सीडरही नाही. ते मूळचं अमेरिका खंडातलं, आणि कूळ बघायला गेलं तर आपल्या कडुनिंबाचं भाऊबंद. हे कळल्यावर मी निश्चिंत झालो आणि डबी देवघराखालच्या लाकडी खणात ठेवून दिली. त्या खणात आणखी काय होतं, ते पुढे येईलच.

मग ती संध्याकाळ आली. डिसेंबर, वारा पडलेला. मी शाल गुंडाळून गच्चीवर खुर्ची टाकली. शेजारी तांब्या, पेन, गुणपत्रिका. ही पलीकडच्या टोकाला, धूर जाणार नाही अशा बाजूला, चटई अंथरून मेथीची जुडी निवडायला बसली. सकाळच्या भाजीची तयारी, असं म्हणाली. खरं कारण देखरेख.

प्रश्न पहिला : दिसणं आणि बांधणी.

सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. माझ्या हातातला पन्नासचा होता आणि लांबीला पाच इंचांच्या आसपास. ह्या मापाला 'रोबुस्तो' म्हणतात. चौसष्ट म्हटल्याबरोबर मी सावरून बसलो. जुन्या रुपयाचेही पैसे चौसष्टच होते. म्हणजे पन्नास चौसष्टांश इंच म्हणजे साडेबारा आणे! परदेशी वस्तू एकदा आण्यांत बसवली की तिची भीती जाते.

हा साडेबारा आणे जाडीचा ऐवज मी अंगठा आणि तर्जनीत धरून हलके दाबत गेलो. कुठे पोकळ लागायला नको, कुठे गाठ लागायला नको. आमच्या आईची वांगी घ्यायची रीत हीच. वरचं पान तपकिरी, किंचित तेलकट, शिरा बारीक. तिरकस गुंडाळलेलं, पण जोड शोधून सापडत नव्हता.

हे वरचं पान म्हणजे 'कापा', सिगारचं अंगावरचं वस्त्र. क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांत आहे. त्यातल्या वुएल्ता आबाहो भागात ह्या पानासाठीचं पीक पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे ऊन गाळून पडतं आणि पान तलम राहतं. आमच्याकडे आरग-बेडगच्या पानमळ्यांत नागवेलीला सावली करतात, त्यातलाच हा प्रकार. पान खायचं असो की ओढायचं, ते नाजूक हवं असेल तर त्याला उन्हाची फाजील माया देऊन चालत नाही. ह्या कापाच्या आत 'कापोते', म्हणजे बांधून ठेवणारं पान. आणि त्याच्याही आत 'त्रिपा', म्हणजे पोटातलं सारण. सारणातही जाती आहेत. रोपाच्या वरच्या टोकाची पानं उन्हात तापून जाड आणि कडक झालेली असतात, ती सावकाश जळतात. मधली वासाला. खालची पटकन पेट घेणारी. वळणारा कारागीर कडक पान बरोबर मधोमध बसवतो, म्हणजे ते धीराने जळतं आणि बाकीच्यांना धरून ठेवतं. आमच्या शाळेत हे काम गणिताच्या सरांकडे होतं.

ह्या कारागिराला 'तोर्सेदोर' म्हणतात. त्याच्यापुढे एक लाकडी पाट आणि हातात 'चावेता'. चावेता म्हणजे अर्धचंद्राकार पातं, ना मूठ ना दांडा. पानं तळहातावर अशी जुळवायची की मधून हवेला वाट राहील. मग बांधून साच्यात दाबून ठेवायची, मग वरचं पान कापून ओढून गुंडाळायचं आणि शेवटी डोक्यावर पानाचीच छोटी टोपी डिंकाने चिकटवायची. मापाप्रमाणे कमी-जास्त, पण दिवसाला साधारण शंभर सिगार होतात. सोलापूरची विडी वळणारी बाई दिवसात हजाराच्या हिशेबाने बोलते. तेंदूचं पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायची, तोंड दुमडायचं, सूत बांधायचं. संध्याकाळी कारखान्यात माल दिला की त्यातल्याही काही विड्या 'छाट' म्हणून बाजूला पडतात. तपासनीस सगळीकडेच असतो. फरक एवढाच की तिच्या विडीला शंभरपैकी गुण देणारा शौकीन अजून जन्मलेला नाही.

बांधणीला मी पंधरापैकी तेरा दिले. दोन राखून ठेवले. पहिल्याच प्रश्नाला पैकीच्या पैकी दिले की मुलं शेफारतात.

मग टोपी कापायची. भाचा कटर द्यायला विसरला होता. मी अडकित्ता आणला. हिने मेथीतून मान वर केली, पण बोलली नाही. खरं सांगतो, सिगारचं कटर म्हणजे सुपारी न खाणाऱ्यांचा अडकित्ताच. टोपीचा नुसता शेंडा उडवायचा, खांद्याला धक्का लावायचा नाही, नाहीतर वरचं पान उसवत जातं. चाळीस वर्षं सुपारी कातरलेला हात इथे कामाला आला.

पेटवण्याआधी नुसता, कोरडा ओढून बघायचा असतो. मी ओढला. हवा मोकळी आली. आणि तिच्याबरोबर वास... मी थबकलो. ओळखीचा होता. पेन उचललं आणि लिहिलं : केवडा. भाच्याला तसा निरोपही टाकला. पलीकडून उद्गारचिन्हांची रांग आली. "मामा, काय नाक आहे तुमचं! हे कोणीच लिहिलेलं नाही!" नमुना उत्तरात नसलेलं पण बरोबर उत्तर एखाद्या मुलाने लिहावं, तसा मी फुलून आलो.

पेटवताना सिगार ज्योतीत खुपसायचा नसतो. भरताच्या वांग्यासारखा ज्योतीच्या वर धरून, फिरवत फिरवत, तोंड सगळीकडून सारखं भाजून घ्यायचा. काडेपेटीचा गंधक आधी जळून जाऊ द्यायचा. सात काड्या वाया गेल्या. आठवीला पहिला धूर तोंडात आला आणि मला ठसका लागला नाही, ही त्या संध्याकाळची पहिली बातमी.

प्रश्न दुसरा : चव.

इथे माझी खरी परीक्षा होती. भाच्याने नमुना उत्तर पाठवलंच होतं. जाणकार लोक सिगारच्या चवीत काय काय शोधतात : चामडं, ओली माती, वाळलेलं गवत, मिरी, कोको, कॉफी, लाकूड, आणि, मी दोनदा वाचलं, गोठा. गोठा हा गुण म्हणून! ज्याने हे पहिल्यांदा लिहिलं त्याने भल्या पहाटे शेण काढलेलं नसणार.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपल्या भाषेत वासाला किंवा चवीला मागून 'ट' लागला की बहुधा समजायचं, प्रकरण बिघडलं. कुबट, खवट, करपट, ओशट, कोंदट, मातकट, धुरकट, कडवट. जे चांगलं, त्याला सहसा 'ट' नाही : खमंग, खरपूस, गोड, मधुर. आता सिगारच्या नमुना उत्तरातले बहुतेक गुण मराठीत आणायचे तर सगळे 'ट'च येऊन उभे राहतात. मातकट, धुरकट, थोडा कडवट, शेवटी तुरट. हे वर्णन एखाद्या स्वयंपाकाचं केलं तर घटस्फोट होईल, आणि सिगारचं केलं तर ब्याण्णव गुण.

सिगारचे तीन भाग धरतात आणि तिन्हींची चव वेगळी नोंदवतात. मी त्यांना घटक चाचणी, सहामाही आणि वार्षिक म्हणू लागलो. घटक चाचणीत मिरी होती, जिभेच्या कडांना झोंबणारी. धूर थोडासा नाकातून सोडला की वास खुलतो म्हणतात. मी सोडला. डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या पाण्यामागे भाजलेल्या कॉफीच्या बुंदाचा वास होता हे मान्य करतो. मग दर मिनिटाला एक झुरका. घाई केली तर सिगार तापतो आणि करपट होतो. राख झटकायची नाही. चांगल्या बांधणीच्या सिगारची राख इंचभर टिकून राहते. शेरलॉक होम्स १८८७च्या पहिल्याच कादंबरीत खोलीतल्या राखेवरून सांगतो, की खुन्याने त्रिचनापल्लीचा चिरूट ओढला. आपला 'चिरूट' तमिळच्या सुरुट्टूचा, म्हणजे गुंडाळीचा. होम्सने एकशे चाळीस जातींच्या राखांवर प्रबंधही लिहिलेला असतो. माझी राख करडी-पांढरी, घट्ट, सव्वा इंच झाली. मी अभिमानाने हिला दाखवायला हात पुढे केला आणि ती शालीवर पडली.

ह्याच सुमाराला मला त्या खणाची आठवण झाली. देवघराखालचा खण. त्यात डबीशेजारी उदबत्तीचे पुडे असतात. कुठली उदबत्ती?

"अगं, आपल्या उदबत्त्या कसल्या असतात?"

"केवड्याच्या. का?"

मी 'का'चं उत्तर दिलं नाही. भाच्यालाही कळवलं नाही. परीक्षकाची चूक झाकण्याची बोर्डात एक जुनी, प्रतिष्ठित परंपरा आहे.

पण मनात विचार सुरू झाला, की मग आपण चाखतो ते नक्की काय? मोठी सिगार मासिकं ह्यासाठी डोळे झाकून तपासणी करतात. कंपनीची रंगीत पट्टी काढून नुसता क्रमांक लावतात. आपण उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकतो तसं. त्याची गरज काय, हे मार्क ट्वेनने फार पूर्वीच दाखवलं होतं. ट्वेन स्वतः स्वस्तातले, कुप्रसिद्ध सिगार ओढायचा आणि मित्र त्याच्या घरी जाताना धास्तावायचे. एकदा त्याने एका श्रीमंत मित्राचे उंची सिगार मिळवले, त्यांच्या लाल-सोनेरी पट्ट्या काढल्या आणि आपल्या बदनाम डब्यात घालून पाहुण्यांपुढे ठेवले. पाहुण्यांनी कसेबसे पेटवले आणि एकेक कारण सांगून निघून गेले. सकाळी ते सिगार दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेवर विखुरलेले सापडले. अपवाद एकच. ज्याच्या घरचे ते सिगार होते, त्याच्या ताटात एक सापडला, कारण त्याला दोन झुरक्यांपेक्षा जास्त सोसला नव्हता. हे ट्वेनने तंबाखूवरच्या एका निबंधात सांगितलंय. मला त्या श्रीमंत माणसाची दया आली. मीही एकदा फेरतपासणीत स्वतःच दिलेले गुण कमी केले होते.

सहामाहीत सिगार मऊ झाला. मिरी मागे गेली आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलपटांचा वास आला. मग नव्या दप्तराचा. चामड्याचं दप्तर मला पाचवीत मिळालं होतं. चवीला मी एकोणीस लिहिले.

ह्याच टप्प्यावर भाच्याने डबी देताना सांगितलेली गोष्ट आठवली. हवानात तो सिगारचा कारखाना बघायला गेला होता. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून तोंडीच सांगितलं. मोठा हॉल, शाळेसारखी बाकांची रांग. बाकावर बसून माणसं आणि बाया पानं वळतायत. आणि समोर, उंच जागी, माइकपुढे बसून एक बाई मोठ्याने वाचतेय.

"काय वाचतेय?"

"सकाळी वर्तमानपत्र. नंतर कादंबरी. रोज पुढचा भाग."

मी गप्प झालो होतो. मग जमेल तिथून माहिती काढली. ही प्रथा हवानात १८६५ साली 'एल फिगारो' नावाच्या कारखान्यात सुरू झाली. वाचणाऱ्याला 'लेक्तोर' म्हणतात. त्याचा पगार मालक नाही, कामगार द्यायचे, आपापल्या मजुरीतून. कुठलं पुस्तक वाचायचं हेही मतदानाने ठरायचं. वाचन आवडलं की सगळे चावेता पाटावर आपटून दाद द्यायचे. पुढच्याच वर्षी सरकारने घाबरून वाचनावर बंदी घातली. हातांनी पानं वळणारी माणसं कानांनी विचार करायला लागली, तर घाबरणारच. पुढे वाचन पुन्हा सुरू झालं आणि रुजलं. ड्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' कामगारांची इतकी लाडकी, की १९३५ साली एका नव्या सिगारला 'मोंतेक्रिस्तो' हेच नाव मिळालं. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरातही क्यूबन कामगारांनी ही रीत नेली होती. तिथल्या मालकांनी १९३१ साली वाचणाऱ्यांना काढलं आणि त्यांच्या जागी रेडिओ बसवले. रेडिओला मत देता येत नाही. आणि आपल्याकडे, केरळात कण्णूरला, विडी कामगारांनीही हेच केलं होतं. एकाने वर्तमानपत्र वाचायचं आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या.

वाचणाऱ्यासाठी आपल्या वाट्याचं काम उचलणारा वर्ग! मी एकतीस वर्षं वर्गात मोठ्याने वाचलं. पस्तीस मिनिटांचा तास, पुढे चाळीस चेहरे, आणि त्यातले तीस घंटेकडे. भाचा माझ्याच वर्गात होता, आठवी 'ब'. खिडकीशेजारचा बाक. मी वाचायला लागलो की हा बाहेरच्या चिंचेकडे बघत बसायचा. मी खडू फेकून मारायचो.

"मामा," डबी देताना तो म्हणाला होता, "तिथे उभा राहिलो आणि तुमचीच आठवण आली. तुम्ही असंच वाचायचात. आम्ही ऐकायचो हो. पण हात रिकामे असायचे ना, म्हणून झोप यायची. हातात काही वळायला दिलं असतंत तर एक शब्द सुटला नसता."

एकतीस वर्षं मी 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणत आलो.

गच्चीवर सिगारचा मधला भाग संपत आला होता. आणि मला एकदम जाणवलं, की ही बोलतेय. केव्हापासून बोलतेय कोण जाणे. मेथीची पानं खुडत, देठ बाजूला टाकत, मान खाली घालून. लग्नाच्या पहिल्या वर्षाचं सांगत होती. मी नोकरीवर, ही सासरी. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून दुपारी निवडणं-टिपणं करत बसल्या की ही त्यांना पोथी वाचून दाखवायची. पुढे पोथी संपली, तर वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून तेही वाचायची. एकदा अर्धीच गोष्ट असलेला कागद निघाला. सासूबाईंना शेवट हवा होता, तो हिने मनाने रचून सांगितला. मग महिनाभर रोज अर्धा कागद आणि मनातला शेवट.

लग्नाला इतकी वर्षं झाली. आईला गोष्टी फार आवडायच्या, हे मला माहीत होतं. त्यांचे शेवट कोणी केले, हे नव्हतं. एरवी पहिल्याच वाक्याला मी 'पोथी कुठली' असं विचारून, तिचं नाव दुरुस्त करून, त्यावर चार वाक्यं बोलून मोकळा झालो असतो. पण तोंडात सिगार. मिनिटाला एक झुरका, मधे गप्प. हात गुंतलेला, तोंड बंद, कान मोकळे. मी तिथल्या तिथे आठवी 'ब' झालो होतो, फक्त हातात काम असलेली.

वार्षिक परीक्षा कडक निघाली. सिगार संपत येतो तसा धूर तापतो, आधीच्या धुराचं सगळं सत्त्व शेवटच्या भागात साठलेलं असतं, आणि चव जड होत जाते. मी चिकाटीने दोन झुरके घेतले आणि तिसऱ्याला पाणी प्यायला उठलो, तर सांगली शहर डावीकडून उजवीकडे गेलं. मी खुर्चीत परत बसलो. कपाळाला घाम. ही काही न बोलता खाली गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली. निकोटिन डोक्यात गेलं की गोड खावं, हे सिगारवाले सांगतात. हिला कोणी सांगितलं होतं?

"तंबाखू लागलेल्या बाया आमच्या अंगणात येऊन बसायच्या," ती म्हणाली. "वखारीतल्या. आई गूळच द्यायची." तिचं माहेर निपाणीच्या अलीकडे दोन कोसांवर.

सिगार चुरगळून विझवायचा नसतो. बाजूला ठेवून द्यायचा, तो आपणहून विझतो. मी ठेवून दिला. सांगली जागेवर आली. जळणं आणि ओढ : एका बाजूने थोडा तिरका जळला, सतरा. आता राहिली एकंदर छाप. पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो. पस्तीसपैकी किती? कारागिराच्या हाताला किती, त्याच्या कानावर त्या दिवशी पडलेल्या कादंबरीला किती, केवड्याचे वजा किती?

"द्या इकडे," ही म्हणाली. "मी नियामक."

बोर्डात परीक्षकाच्या वर नियामक असतो आणि त्याचा निकाल अंतिम. तिने लाल पेन घेतलं. दिसणं आणि बांधणी : माझे तेरा खोडून शून्य. शेरा, 'करपलेलं दोडकं'. चव : शून्य. जळणं आणि ओढ : शून्य, 'शाल बघा'. मग एकंदर छाप. तिथे थांबली, मेथीच्या हिरव्या झालेल्या बोटांनी पेन नीट धरलं आणि पस्तीसपैकी पस्तीस लिहिले.

"ते कशाचे?"

"तासभर मधे बोलला नाहीत त्याचे."

मी कागदाचा फोटो काढून भाच्याला पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"मामा, पस्तीस? शंभरपैकी? अहो, जगात कोणी ह्याला एवढे कमी दिलेले नाहीत!"

"काठावर पास," मी म्हणालो. "दहावीला मराठीत तुलाही तेवढेच होते. बोट चालतेय ना?"